परदेशी शेअर्स आणि प्राप्तिकर रिटर्न: कोणत्या क्रमाने काय भरायचं

परदेशी शेअर्स असलेल्या लोकांच्या रिटर्नमध्ये दर वर्षी त्याच त्या चुका दिसतात. खात्यात जमा झाला तेवढाच लाभांश दाखवलेला असतो, आधी कापलेला कर विसरलेला असतो. शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, डिसेंबरऐवजी मार्चअखेरचे आकडे असतात. परदेशात कापलेल्या कराचं क्रेडिट घ्यायला, म्हणजे तो भारतातल्या करातून वजा करून घ्यायला, लागणारा फॉर्म ६७ भरलेलाच नसतो आणि क्रेडिट मात्र मागितलेलं असतं. यातल्या बहुतेक चुका नियम न कळल्यामुळे होत नाहीत. लोक थेट पोर्टल उघडतात आणि समोर येईल तो रकाना भरत सुटतात, म्हणून होतात. कागद आधी, दर नंतर, मग हिशेब आणि शेवटी पोर्टल हा क्रम पाळला तर काम सरळ आहे.

हा लेख भारतात राहणाऱ्या आणि स्वतःच्या नावावर परदेशी शेअर्स असणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. शेअर्स ॲपवरून घेतलेले असोत किंवा परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेत नोकरी करताना मिळालेले असोत. उदाहरणं २०२५-२६ या आर्थिक वर्षाची, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ ची आहेत. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो.

## टप्पा १: आपण कोणत्या गटात बसतो ते ठरवा

पहिला प्रश्न निवासी दर्जाचा. निवासी आणि सामान्यतः निवासी असाल, तर जगात कुठेही झालेलं उत्पन्न भारतात करपात्र आहे आणि परदेशी मालमत्ता शेड्यूल एफएमध्ये दाखवणं बंधनकारक आहे. अनिवासी आणि ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेल्या’ व्यक्तींना शेड्यूल एफए भरावं लागत नाही. परदेशातून नुकतेच कायमचे परत आलेल्यांनी हा दर्जा दिवस मोजून ठरवावा, अंदाजाने नाही.

दुसरा प्रश्न फॉर्मचा. परदेशात एक शेअर, अगदी शेअरचा तुकडा जरी असेल, तरी आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाहीत. पगार, भांडवली नफा आणि लाभांश एवढंच असेल तर आयटीआर-२. धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न असेल तर आयटीआर-३.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी परदेशी मालमत्ता असलेल्या निवासी व्यक्तीला रिटर्न भरावंच लागतं. समजा, नवऱ्याने बायकोला पैसे भेट दिले आणि तिने स्वतःच्या नावाने अमेरिकी शेअर्स घेतले. त्यावरचा लाभांश आणि नफा क्लबिंगच्या तरतुदीमुळे नवऱ्याच्या उत्पन्नात जातो. पण शेअर्स तिच्या नावावर आहेत, त्यामुळे तिलाही रिटर्न भरून शेड्यूल एफए द्यावं लागतं. ‘तिचं काही उत्पन्नच नाही’ या समजुतीवर अशी कितीतरी खाती वर्षानुवर्षं न दाखवलेली राहतात.

तपासा: भारतीय म्युच्युअल फंडाने परदेशी शेअर्समध्ये गुंतवणूक केली असेल, तर ती तुमची परदेशी मालमत्ता ठरत नाही. तुमच्याकडे भारतीय फंडाची युनिट्स आहेत. ती शेड्यूल एफएमध्ये टाकू नका.

## टप्पा २: दोन कॅलेंडरं वेगळी करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे सावकाश जा.

उत्पन्न मोजायचं ते आर्थिक वर्षाचं: १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. शेड्यूल एफए मात्र कॅलेंडर वर्षाचं: १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५. दोन्ही एकाच रिटर्नमध्ये जातात, पण त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नसते.

याचे परिणाम असे होतात:

- फेब्रुवारी २०२५ मध्ये विकून टाकलेला शेअर: नफा आधीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये गेला. तरीही तो या वर्षीच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवायचा, कारण २०२५ मध्ये काही दिवस तो तुमच्याकडे होता.
- फेब्रुवारी २०२६ मध्ये घेतलेला शेअर: या वर्षीच्या शेड्यूल एफएमध्ये नाही, पुढच्या वर्षी. पण मार्च २०२६ मध्ये त्यावर लाभांश आला, तर तो लाभांश या वर्षीच्या उत्पन्नात.
- जून २०२५ मध्ये घेऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये विकलेला: दोन्हीकडे.

‘३१ डिसेंबरला शिल्लक शून्य होती, मग दाखवायचं कशाला’ हा युक्तिवाद चालत नाही. वर्षात कधीही मालकी असली तरी नोंद लागते.

म्हणून वहीत किंवा एक्सेलमध्ये सुरुवातीलाच दोन वेगळी पानं करा. एकाच तक्त्यातून दोन्ही काढायला गेलात की जानेवारी ते मार्चचे व्यवहार हमखास चुकतात.

## टप्पा ३: कागद गोळा करा

पोर्टलवर लॉगिन करण्याआधी पुढचे कागद हाताशी हवेत:

१. ब्रोकरची जानेवारी २०२५ ते मार्च २०२६ अशी पंधरा महिन्यांची मासिक स्टेटमेंट्स. फक्त वार्षिक स्टेटमेंट पुरत नाही.

२. प्रत्येक खरेदीची तारीख, संख्या, भाव आणि ब्रोकरेज. जुन्या खरेदीचेही हवेत.

३. अमेरिकी शेअर्स असतील तर फॉर्म १०४२-एस, म्हणजे अमेरिकेत कापलेल्या कराचं पत्रक. हा फॉर्म कॅलेंडर वर्षाचा असतो. त्यामुळे जानेवारी ते मार्च २०२६ मध्ये कापलेला कर २०२५ च्या १०४२-एसमध्ये दिसणार नाही. त्यासाठी मासिक स्टेटमेंट लागतं.

४. बँकेतून परदेशी पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं प्राप्तिकर विभागाचं पत्रक. उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पैसे पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केलेला कर) घेते. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती.

५. नोकरीत मिळालेले शेअर्स असतील तर फॉर्म १६, परिलाभ दाखवणारा फॉर्म १२बीए आणि व्हेस्टिंगच्या, म्हणजे शेअर्स प्रत्यक्ष तुमचे होण्याच्या, प्रत्येक तारखेचं पत्रक.

टीसीएसबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. हा वेगळा कर नाही. रिटर्नमध्ये तो तुमच्या एकूण करातून वजा होतो, जास्त झाला तर परतावा मिळतो. नोकरदारांना त्यासाठीचा ठरलेला फॉर्म भरून हा टीसीएस मालकाला कळवता येतो, म्हणजे पगारातून तेवढा टीडीएस कमी कापला जातो. रिटर्नपर्यंत पैसे अडकवून ठेवण्यापेक्षा हे बरं.

इशारा: ब्रोकर बदलण्याआधी किंवा खातं बंद करण्याआधी सगळी स्टेटमेंट्स उतरवून घ्या. नंतर जुन्या खरेदीचा पुरावा मिळवणं फार कठीण जातं.

## टप्पा ४: विनिमय दरांची यादी करा

गूगलवर दिसणारा दर, बँकेने पैसे पाठवताना लावलेला दर किंवा ॲपवरचा दर इथे चालत नाही. स्टेट बँक ऑफ इंडियाचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परदेशी चलन विकत घेते तो दर, लागतो. कोणत्या तारखेचा, ते कामानुसार बदलतं.

लाभांशासाठी: ज्या महिन्यात लाभांश मिळाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर. १५ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या लाभांशाला ३१ ऑगस्टचा. त्यावर परदेशात कापलेल्या करालाही आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचाच दर.

विक्रीसाठी: विक्रीच्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर.

शेड्यूल एफएसाठी: खरेदीला खरेदीच्या दिवसाचा, सर्वोच्च मूल्याला त्या सर्वोच्च दिवसाचा आणि अखेरच्या मूल्याला ३१ डिसेंबरचा.

महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल, तर त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेण्याची पद्धत आहे. ३१ ऑगस्ट २०२५ रविवारी होता, म्हणजे वरच्या उदाहरणात त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर बघावा लागेल. दराचं पान पीडीएफ करून जपून ठेवा. नोटीस आली तर आकडा कुठून आणला हे दाखवता आलं पाहिजे.

## टप्पा ५: लाभांशाचा हिशेब

लाभांश दाखवायचा तो कर कापण्याआधीचा पूर्ण आकडा. तो ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ मध्ये जातो आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.

अमेरिकी कंपनीच्या लाभांशातून भारतीय गुंतवणूकदाराचा २५ टक्के कर कापला जातो. हा दर दुहेरी कर टाळण्यासाठीच्या भारत-अमेरिका करारातल्या अनुच्छेद १० मुळे मिळतो आणि त्यासाठी ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन हा, आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा, फॉर्म वैध असावा लागतो. तो नसेल तर ३० टक्के कापतात.

उदाहरणापुरता दर ८५ रुपये धरू. १०० डॉलर लाभांश, त्यातून २५ डॉलर कापले, हातात ७५. रिटर्नमध्ये उत्पन्न ८,५०० रुपये, परदेशी कर २,१२५ रुपये.

- ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकरासह कर ३१.२ टक्के, म्हणजे २,६५२ रुपये. २,१२५ चं क्रेडिट मिळतं, ५२७ रुपये भरायचे.
- २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर १,७६८ रुपये. क्रेडिट १,७६८ पर्यंतच. उरलेले ३५७ रुपये कुठेही मिळत नाहीत.

परदेशी कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतीय कर, यांत जो कमी तेवढंच क्रेडिट. म्हणूनच कमी उत्पन्नावर मिळणाऱ्या कलम ८७एच्या सवलतीमुळे ज्यांचा भारतातला कर शून्य होतो, त्यांना अमेरिकेत कापलेल्या कराचं क्रेडिटही शून्य. कमी स्लॅबमधल्या माणसाने निव्वळ लाभांशासाठी अमेरिकी शेअर्स घेण्याआधी हा हिशेब जरूर करावा. माझ्या मते अशांना तो व्यवहार क्वचितच परवडतो.

नेहमीची चूक: लाभांशातून आपोआप नवे शेअर्स घेतले जात असतील, तर पैसे हातात आले नाहीत म्हणून उत्पन्न दाखवलं जात नाही. तो लाभांश करपात्रच आहे. शिवाय ती त्या दिवशीची नवी खरेदी आहे, तिची वेगळी नोंद करा. पुढे विक्रीच्या वेळी तीच खरेदी किंमत उपयोगी पडते.

## टप्पा ६: भांडवली नफ्याचा हिशेब

परदेशी बाजारात नोंद असलेले शेअर्स भारतीय कायद्याच्या दृष्टीने इथल्या बाजारात नोंद नसलेले धरले जातात. त्यामुळे मुदत १२ महिन्यांची नाही, २४ महिन्यांची.

२४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकले तर दीर्घमुदतीचा नफा, कर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला हा नियम आहे. त्याहून कमी काळ ठेवले तर अल्पमुदतीचा नफा, कर स्लॅबप्रमाणे. दोन्हींवर उपकर आणि लागू असेल तर अधिभार.

भारतीय शेअर्सवर मिळणारी १.२५ लाखांची सूट इथे नाही, कारण या व्यवहारांवर एसटीटी (भारतीय शेअर बाजारातल्या व्यवहारांवरचा कर) भरलेला नसतो. अल्पमुदतीचा २० टक्क्यांचा खास दरही नाही. आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. ८७एची सवलत खास दराने आकारल्या जाणाऱ्या दीर्घमुदतीच्या नफ्याला मिळत नाही.

आता रुपयांचा मुद्दा. खरेदी खरेदीच्या काळातल्या दराने आणि विक्री विक्रीच्या दराने रुपयांत आणायची, हीच पद्धत बहुतेक सीए वापरतात. समजा, २०० डॉलरने १० शेअर्स घेतले तेव्हा दर ७४ होता. १९० डॉलरने विकले तेव्हा दर ८५. डॉलरमध्ये १०० डॉलरचा तोटा झाला. रुपयांत मात्र खरेदी १,४८,००० आणि विक्री १,६१,५००, म्हणजे १३,५०० रुपयांचा करपात्र नफा. ब्रोकरच्या पत्रकात ‘तोटा’ लिहिलंय म्हणून रिटर्नमध्ये तोटा दाखवणारे इथे फसतात. डॉलरमधल्या नफ्याला किंवा तोट्याला शेवटी एकाच दराने गुणणंही चूक आहे. एकदा धरलेली पद्धत दर वर्षी तीच ठेवा.

नोकरीत मिळालेल्या आरएसयू (ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्यावर कंपनी देते त्या) शेअर्सची खरेदी किंमत शून्य नसते. व्हेस्टिंगच्या दिवशीचं मूल्य पगारात धरून त्यावर आधीच कर कापलेला असतो, तेच मूल्य तुमची खरेदी किंमत. शून्य धरलंत तर त्याच रकमेवर दोनदा कर भराल. मुदतही व्हेस्टिंगपासून मोजायची, शेअर्स देऊ केल्याच्या तारखेपासून नाही. कर भरण्यासाठी कंपनीने त्याच दिवशी विकलेल्या शेअर्सची विक्रीही दाखवावी लागते, नफा नगण्य असला तरी.

तोटा झाला असेल तर अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. भारतीय शेअर्सच्या नफ्यातूनही तो वजा करता येतो. रिटर्न वेळेत भरलं तरच उरलेला तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो.

तपासा: लाभांश आणि नफा धरून वर्षाचा आगाऊ कर भरला होता का? १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या त्याच्या तारखा. राहिला असेल तर व्याज धरून स्वयंनिर्धारण कर, म्हणजे रिटर्नआधी स्वतः भरायचा उरलेला कर, आधी भरा.

## टप्पा ७: फॉर्म ६७ आधी, रिटर्न नंतर

परदेशात कापलेल्या कराचं क्रेडिट हवं असेल तर फॉर्म ६७ पोर्टलवर ऑनलाइन भरून तो ई-व्हेरिफाय करावा लागतो. नियमाने करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत मुदत आहे, पण त्या मुदतीवर विसंबू नका. रिटर्नवर प्रक्रिया होताना फॉर्म ६७ दिसला नाही, तर क्रेडिट नाकारून मागणीची सूचना येऊ शकते.

फॉर्ममध्ये देश, उत्पन्नाचा प्रकार, रुपयांतली रक्कम, परदेशी कर, भारतातला कर, कराराचं कलम आणि दर द्यायचा. सोबत १०४२-एस किंवा ब्रोकरचं स्टेटमेंट जोडायचं. इथे आर्थिक वर्षाचेच आकडे, कॅलेंडर वर्षाचे नाहीत.

परदेशात काहीच कर कापला गेला नसेल, तर फॉर्म ६७ ची गरज नाही. शेअर विक्रीच्या नफ्यावर अमेरिका तिथे न राहणाऱ्या भारतीय गुंतवणूकदाराकडून साधारणपणे कर घेत नाही, त्यामुळे तिथे क्रेडिटचा प्रश्नच येत नाही.

## टप्पा ८: रिटर्न भरा

पोर्टलवर पुढच्या क्रमाने जा:

१. लाभांश ‘इतर स्रोत’ शेड्यूलमध्ये, नफा भांडवली नफ्याच्या शेड्यूलमध्ये ‘इतर मालमत्ता’ या भागात. एसटीटी भरलेल्या शेअर्सच्या भागात टाकलात तर दर चुकतो.

२. शेड्यूल एफएसआय: तेच उत्पन्न देशवार पुन्हा. अमेरिकेचा देश कोड २. परदेशी करदाता क्रमांक नसेल तर पासपोर्ट क्रमांक.

३. शेड्यूल टीआर: क्रेडिटचा गोषवारा. फॉर्म ६७ मधल्या आकड्याशी तो जुळलाच पाहिजे.

४. टीसीएस: २६एएसशी ताडून.

५. शेड्यूल एफए: ब्रोकर खातं ए२ मध्ये, त्यातल्या पडून असलेल्या रोख रकमेसह. प्रत्येक कंपनीचे शेअर्स ए३ मध्ये, वेगवेगळ्या तारखांची खरेदी वेगवेगळ्या ओळींत. ए३ मध्ये कंपनीचं नाव, पत्ता, झिप कोड, खरेदीची तारीख, मूळ किंमत, वर्षातलं सर्वोच्च मूल्य, ३१ डिसेंबरचं मूल्य, मिळालेला लाभांश आणि विक्रीची रक्कम लागते. कंपनीच्या जागी ब्रोकरचं नाव घालू नका.

सर्वोच्च मूल्य म्हणजे शेअर तुमच्याकडे असतानाच्या दिवसांतलं सर्वोच्च. ऑगस्टमध्ये घेतलेल्या शेअरला फेब्रुवारीतला उच्चांक लावू नका.

इशारा: शेड्यूल एफए न भरल्यास काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचं एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. ही सवलत दंडापुरती आहे. माहिती देण्याचं बंधन एका शेअरलाही आहे. परदेशी खात्यांची माहिती आंतरराष्ट्रीय करारांखाली आपल्या प्राप्तिकर विभागाला मिळते, त्यामुळे न दाखवलेलं खातं नजरेआड राहील असं धरून चालू नका.

मागच्या वर्षी राहिलं असेल आणि सुधारित रिटर्नची मुदत असेल, तर लगेच सुधारित रिटर्न भरा. मुदत उलटली असेल, तर नोटिशीची वाट न बघता परदेशी मालमत्तेचं काम करणाऱ्या सीएकडे जा.

## टप्पा ९: सबमिट केल्यावर

रिटर्न ई-व्हेरिफाय करा. फॉर्म ६७ ची पोच, दरांची पीडीएफ, दोन्ही एक्सेल पानं आणि स्टेटमेंट्स एका फोल्डरमध्ये ठेवा.

विक्रीचे किंवा लाभांशाचे पैसे ब्रोकर खात्यात पडून असतील तर तारीख लिहून ठेवा. एलआरएसखाली पाठवलेल्या पैशातून आलेली आणि पुन्हा न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत भारतात परत आणावी लागते.

अमेरिकी शेअर्सची रक्कम मोठी होत असेल तर आणखी एक गोष्ट घरात सांगून ठेवा. मालकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या ६०,००० डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू शकतो, कमाल दर ४० टक्के. भारत-अमेरिका करारात त्यावर दिलासा नाही.

डब्ल्यू-८बेनची मुदतही आत्ताच बघून घ्या. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीस तो संपतो. जून २०२३ मध्ये सही केली असेल तर ३१ डिसेंबर २०२६ ला. त्याआधी नवा भरला नाही, तर जानेवारीतल्या लाभांशातून ३० टक्के कापले जातील आणि करारापेक्षा जास्त कापलेल्या पाच टक्क्यांचं क्रेडिट भारतात मागता येणार नाही.